खडकाखालची तांबडी माती

सह्याद्रीत एका बोगद्यासाठी बोअर घेत होतो. काळा कातळ छान लागत होता, कोअर (बोअरमधून निघणारा दगडाचा दांडा) हातभर लांब निघत होता. 40 मीटरच्या सुमारास बोअरमधून वर येणारं परतीचं पाणी एकदम लालभडक झालं. ड्रिलरमामांनी मशीन थांबवलं. "मॅडम, खडक संपला की ओ. माती लागली."

खडक संपला नव्हता. हा रेड बोल, लाव्हाच्या दोन थरांमधली पट्टी. तुकडा हातात घेतला. वरची कड भाजून टणक झालेली, मधला भाग नखानं खरवडावा इतका मऊ, तळाला कुजलेला सच्छिद्र दगड. चहाच्या ग्लासात पाणी घेऊन एक खडा टाकला. बुडबुडे आले, कडा सुटल्या, मामांची बिडी संपायच्या आत तळाला चिखल. बोगद्याच्या माथ्यावर ही पट्टी आली की छत का बसतं, ते समजवायला एवढं पुरतं.

"पण एवढ्या खाली माती आली कुठनं?"

म्हटलं, ही उघड्यावरच झाली. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता, आज ज्या हॉटस्पॉटवर (पृथ्वीच्या पोटातून तप्त खडक वर येतो त्या जागेवर) रियुनियन बेट आहे त्याच्याजवळ. भेगांतून लाव्हा वाहिला, सोबत कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. उद्रेक थांबला की पाऊस त्या दगडाला लागायचा. पावसात तोच वायू विरघळून पाणी किंचित आम्ल होतं, दगडातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडवून समुद्रात नेतं. तिथं चुनखडक बनतो, हवेतला कार्बन त्यात अडकतो. मागे उरलेलं लोखंड गंजतं, म्हणून हा रंग. मग पुढचा लाव्हा यायचा आणि माती भाजून निघायची.

ग्रॅनाइटपेक्षा बेसाल्ट, म्हणजे लाव्हाचा हा काळा कातळ, फार लवकर झिजतो. पुढे भूखंड सरकत दमट विषुववृत्तीय पट्ट्यात आला. गेल्या 5 कोटी वर्षांत पृथ्वी थंड होत गेली, त्यात या झिजेचा हात असावा असं काही संशोधक मानतात. रेमो आणि रुडिमन या संशोधकांनी 1992 साली हिमालय उंचावल्यानं वाढलेल्या झिजेकडे बोट दाखवलं होतं. माझा कल दख्खनच्या या बेसाल्टकडे. घाटातला पाऊस अंगावर घेतलाय, दुसरीकडे कसा असेल!

मामांनी बिडी विझवली. "मग गाड्यांचा धूरबी दगडच वढून घील की."

"घेईल. लाखभर वर्षं थांबायची तयारी असेल तर."

कोअर सुकून फुटू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पेटीत ठेवायला लावला. लॉगमध्ये पट्टीची जाडी टाकली आणि शेऱ्यात लिहिलं: खोदल्याबरोबर शॉटक्रीट (फवारून बसवायचं काँक्रीट), पाणी लागू देऊ नये.