सांगोल्याचे आबा

आज सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्यातून जाणं झालं आणि दिवसभर गणपतराव देशमुख, म्हणजे आपले आबाच डोक्यात राहिले. १९६२ ते २०१४ या काळात अकरा वेळा आमदार, तेही एकाच मतदारसंघातून, एकाच शेतकरी कामगार पक्षाकडून (शेकाप)! दोनदा मंत्रीही झाले, पण प्रवास एसटीनं.

मला मात्र त्यांचे १९७२ आणि १९९५ चे पराभव जास्त विचार करायला लावतात. हरल्यावर पक्ष बदलणं किती सोपं असतं! आबांनी शेकापचा लाल बावटा सोडला नाही. १९७४ च्या पोटनिवडणुकीत आणि पुढे १९९९ ला लोकांनीच त्यांना परत विधानसभेत पाठवलं. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींसोबत दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी ते वर्षानुवर्षं लढले, आणि तेही बहुतेक काळ विरोधी बाकावर बसून. आमच्या पिढीनं हे पाहिलं, याचा फार अभिमान वाटतो.