चावी माझ्या पर्समध्ये होती

रविवार, रात्री सव्वादहा

आज दुपारी सासूबाई, माझी मुलगी आणि मी, अशा तिघींनी जेवणाच्या टेबलावर बसून अडीअडचणीसाठी ठेवलेल्या रोख रकमेची मोजणी केली. दर सहा महिन्यांनी हे काम करायचे असे आमचे ठरलेले आहे. एकूण रक्कम वहीतील नोंदीशी तंतोतंत जुळली, तरीही मला समाधान वाटले नाही, कारण मागच्या वेळी पाकिटात असलेल्या लहान नोटांपैकी बऱ्याच नोटांच्या जागी एकच मोठी नोट आलेली दिसली. मुलीने प्रामाणिकपणे सांगितले की, एकदा घाईत सुटे हवे होते म्हणून तिने ते घेतले आणि तेवढ्याच मूल्याची नोट आत ठेवली. हिशेबाच्या दृष्टीने तिचे काही चुकले नव्हते, पण ज्या कारणासाठी हे पाकीट आहे, त्या कारणाच्या दृष्टीने त्यातील रक्कम आज कमीच झालेली होती. हे तिला समजावून सांगताना तीन वर्षांपूर्वीची ती रात्र पुन्हा आठवली, आणि ती अजून मी कुठेच लिहून ठेवलेली नाही, म्हणून आज लिहिते.

त्या वेळी मी कामानिमित्त दोन दिवस परगावी होते आणि पती तर नोकरीमुळे बहुतेक काळ बाहेरच असतात, त्यामुळे घरी सासूबाई आणि सोळा वर्षांची मुलगी अशा दोघीच होत्या. संध्याकाळी वादळ झाले, वीज गेली आणि काही तासांनी मोबाईलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपल्यावर नेटवर्कही गेले. सासूबाईंना दम्याचा जुना त्रास आहे. रात्री नऊच्या सुमारास त्यांना धाप लागली आणि पंपातील औषध संपत आल्याचे लक्षात आले. मुलगी टॉर्च घेऊन धावतच औषधाच्या दुकानात गेली. दुकान उघडे होते आणि औषधही होते, परंतु कार्डाचे यंत्र बंद, मोबाईलवरून पैसे जाण्याचा मार्ग बंद, आणि दुकानदार ओळखीचा नव्हता. त्याने रोख पैसे मागितले, यात मी त्याला दोष देत नाही. माझ्या घरात त्या औषधाच्या कितीतरी पट रक्कम होती. ती कपाटात कुलूपबंद होती आणि कपाटाची चावी माझ्या पर्समध्ये, माझ्याबरोबर, परगावी होती.

शेवटी शेजारच्या काकूंनी स्वतःजवळचे पैसे काढून दिले आणि औषध वेळेत मिळाले. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचल्यावर हा सगळा प्रकार मला कळला. मी आधी कपाट उघडले आणि काकूंचे पैसे परत करायला निघाले, तर माझ्या हातात फक्त मोठ्या नोटांची गड्डी होती. बँकेतून काढताना कमी जागेत मावतील म्हणून मीच त्या तशा मागून घेतल्या होत्या. काकूंकडे मोड नव्हती आणि त्या दिवशी इतर कोणाकडेही ती मिळेना, कारण सगळ्यांचेच व्यवहार अचानक रोखीवर आलेले होते आणि ज्याच्याजवळ सुटे होते तो ते सोडायला तयार नव्हता.

त्या संध्याकाळी सासूबाई मला एवढेच म्हणाल्या, "तू पैसे ठेवलेस गं, पण आमच्यासाठी नाही ठेवलेस." त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच ते वाक्य मला अधिक लागले. ते खरे होते. ती रक्कम ठेवताना मी चोराचा विचार केला होता, विनाकारण खर्च होण्याचा विचार केला होता, कदाचित स्वतःच्या मनाच्या स्वास्थ्याचाही केला होता. संकट येईल तेव्हा घरात नेमके कोण असेल, हा प्रश्न मात्र मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. घरातील रोकड ज्याच्यावर वेळ येईल त्याची असते, आणि ती वेळ बहुधा त्या माणसावर येते ज्याच्याकडे चावी नाही.

त्यानंतर या विषयावर मी जमेल तेवढे वाचत गेले. कार्ड यंत्राला लावल्यावर दोन-चार सेकंदांत संमती येते, म्हणून आपल्याला तो व्यवहार अगदी साधा वाटतो. प्रत्यक्षात ती विचारणा दुकानाच्या यंत्रातून दुकानदाराच्या बँकेकडे, तेथून कार्ड कंपनीच्या जाळ्यात, पुढे आपल्या बँकेकडे आणि त्याच वाटेने परत, असा प्रवास करते. वाटेतील कोणतीही एक कडी तुटली तरी आपल्या खात्यातील शिल्लक जिथल्या तिथे राहते आणि आपण दुकानात रिकाम्या हाताने उभे राहतो. १ जून २०१८ रोजी युरोपात व्हिसा या कार्ड कंपनीच्या एका डेटा केंद्रातील एका स्विचमध्ये बिघाड झाला आणि सुमारे दहा तासांत ५२ लाख व्यवहार फसले. ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स या एका दूरसंचार कंपनीचे जाळे कोसळल्यावर इंटरॅक ही देशभरची डेबिट व्यवस्थाच बंद पडली, म्हणजे जे त्या कंपनीचे ग्राहक नव्हते त्यांचीही कार्डे चालेनात. २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन आणि पोर्तुगाल या दोन देशांची वीज भर दुपारी गेली आणि सगळीकडे ती पूर्ववत व्हायला दुसरी सकाळ उजाडली. त्या काही तासांत ज्यांच्या खिशात नोटा होत्या ते पाणी, मेणबत्त्या आणि रेडिओच्या बॅटऱ्या विकत घेऊ शकले. बाकीच्यांना एटीएमचाही उपयोग नव्हता, कारण एटीएमसुद्धा वीज आणि नेटवर्क यांवरच चालते. हे वाचताना मला प्रत्येक वेळी टॉर्च घेऊन उभी असलेली माझी मुलगी दिसत होती.

रक्कम किती असावी, याबाबत माझ्या मनात पूर्वी फार गोंधळ होता. कधी वाटायचे महिन्याभराची असावी, कधी वाटायचे सहा महिन्यांची. नेदरलँड्सच्या मध्यवर्ती बँकेने मे २०२५ मध्ये नागरिकांना दिलेला सल्ला वाचल्यावर मला मोजण्याची पद्धत मिळाली. तिथे प्रत्येक प्रौढामागे ७० युरो आणि प्रत्येक मुलामागे ३० युरो घरात ठेवावेत असे सांगितले आहे, आणि त्यामागचा हिशेब ७२ तासांचा आहे: पाणी, अन्न, औषधे आणि प्रवास. स्वीडनमध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये घरोघरी पाठवलेल्या पुस्तिकेत किमान आठवडाभर पुरेल इतकी रोकड, तीही वेगवेगळ्या मूल्यांच्या नोटांमध्ये ठेवण्याचा सल्ला आहे. ज्या देशांत रोख व्यवहार सर्वांत कमी होतात त्यांत या दोन्ही देशांची गणना होते, आणि नेमके त्यांनीच हे सांगावे याला मी महत्त्व देते. आम्ही आमच्या घरासाठी तीन दिवसांचा अत्यावश्यक खर्च काढला, त्यात सासूबाईंच्या नेहमीच्या औषधांची किंमत आणि रुग्णालयापर्यंतच्या भाड्याच्या गाडीचा जाण्यायेण्याचा खर्च मिळवला, आणि तेथेच थांबलो. घराचे भाडे, विम्याचे हप्ते, शाळेचे शुल्क या गोष्टी तीन दिवसांत कोणी दारात येऊन रोख मागत नाही, म्हणून त्यांना या पाकिटात स्थान दिले नाही.

बँकाच बंद झाल्या तर काय, असा प्रश्न पतींनी विचारला होता, आणि तो अगदीच निराधार नाही. सायप्रसमध्ये मार्च २०१३ मध्ये बँका जवळजवळ दोन आठवडे बंद होत्या आणि उघडल्यावर दिवसाला ३०० युरोंची मर्यादा होती. ग्रीसमध्ये २०१५ च्या जूनअखेरीस बँका बंद झाल्या, त्या २० जुलैला उघडल्या, आणि दरम्यान एका कार्डावर दिवसाला ६० युरोच काढता येत होते. तरीही अशा संकटाला पुरेल एवढी रक्कम घरात साठवावी, असे मला वाटत नाही. घरात फार मोठी रोकड असली की तिची राखण करणे हीच एक नवी चिंता होऊन बसते, आणि मग आपण पुन्हा कुलूप, चावी आणि गुप्तता यांच्याकडे वळतो. मी एकदा त्या वाटेने जाऊन आले आहे.

शिवाय ही रक्कम बचत म्हणून वाढवत नेण्यात अर्थ नाही. महागाई वर्षाला ६ टक्के राहिली, तर कपाटातील नोटांची खरेदीची ताकद सुमारे १२ वर्षांत निम्मी होते, आणि बँकेत तिला निदान व्याजाचा आधार असतो. नोटाही कायम चालत नाहीत. भारतात ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री ५०० आणि १००० रुपयांच्या तेव्हाच्या नोटा रद्द झाल्या. ब्रिटनमध्ये २० आणि ५० पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर दुकानात चालेनाशा झाल्या. तिथे त्या मध्यवर्ती बँकेत आजही बदलून मिळतात, पण मध्यरात्री औषध हवे असताना त्या सोयीचा काय उपयोग? सहामाही मोजणीचे एक कारण हेही आहे की जुन्या पडत चाललेल्या नोटा आपण खर्चात काढतो आणि त्यांच्या जागी चालू नोटा ठेवतो.

जागेबद्दल थोडेसेच लिहिते. ओल, बुरशी, वाळवी आणि कसर यांपासून दूर, आतून कोरडी, जमिनीपासून उंच आणि अंधारातही हाताला सापडेल अशी जागा आम्ही निवडली. नोटा एका घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत आहेत आणि ती पिशवी पाकिटात आहे. आगीपासून रक्षण करणाऱ्या पेट्या मिळतात, आणि कागदपत्रांसाठीच्या पेट्यांची एक प्रचलित कसोटी अशी की ठरलेल्या वेळेपर्यंत आतील तापमान १७७ अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये. परंतु अशी पेटीही किल्लीची किंवा आकड्यांची असते, आणि आकडे सासूबाईंच्या लक्षात राहणार नाहीत, म्हणून ती मी घेतली नाही. जी रक्कम जळाली तरी आपण मोडून पडणार नाही, तेवढीच घरात असावी, हे मला अधिक योग्य वाटते.

कुलूप काढून टाकल्यावर पैसे उगाच खर्च होतील, ही भीती मला होतीच. त्यावर आम्ही एक वही ठेवली आहे. कोणीही, कोणत्याही कारणासाठी पैसे घ्यावेत, परवानगी मागू नये, फक्त तारीख, रक्कम आणि नाव लिहावे, आणि जमेल तितक्या लवकर परत ठेवावे. कारण लिहिण्याची सक्ती नाही. सुरुवातीला माझा त्याला विरोध होता, परंतु ज्या माणसाला घाईच्या क्षणी 'हे संकट पुरेसे मोठे आहे का' याचा खुलासा द्यावा लागेल असे वाटते, तो कदाचित पैसे घेणारच नाही, हे मला पटले. तीन वर्षांत वहीत अकरा नोंदी झाल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी रक्कम परत आलेली आहे.

आज त्या वहीत एक नवा नियम वाढवला: घेतलेल्या नोटा ज्या मूल्याच्या असतील, त्याच मूल्याच्या परत ठेवायच्या. मुलीने तो स्वतःच्या अक्षरात लिहिला. सासूबाईंनी आणखी एक गोष्ट सुचवली, जी माझ्या कधीच लक्षात आली नसती. त्यांची नजर आता कमी झाली आहे आणि टॉर्चच्या उजेडात दोन जवळच्या आकारांच्या नोटा त्यांना ओळखू येत नाहीत. म्हणून प्रत्येक मूल्याच्या नोटांची वेगळी गड्डी करून तिच्याभोवती कागदाची पट्टी लावली, आणि सर्वांत लहान नोटांच्या पट्टीला एक, त्याहून मोठ्या नोटांच्या पट्टीला दोन, अशा चिरा पाडल्या. रबर लावले नाही, कारण ते कालांतराने वितळून नोटांना चिकटते. मग दिवा मालवून, पडदे ओढून त्यांनी पाकीट जागेवरून काढून पाहिले, हव्या त्या नोटा बोटांनी चाचपून बाहेर काढल्या आणि परत ठेवल्या. पहिल्या वेळी दोनच चिरा असलेली गड्डी त्यांनी तीन चिरांची समजली, म्हणून आम्ही चिरा अधिक खोल केल्या. दुसऱ्या वेळी चूक झाली नाही.

मोठ्या नोटेची मोड उद्या सकाळी बँकेतून आणायची आहे. पुढच्या मोजणीची तारीख पाकिटावर सासूबाईंनी घातली आहे.