वॉलकॉटला मधे खेळवा, असं मी म्हणत होते

२९ डिसेंबर २०१२. इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये आर्सेनल ७, न्यूकॅसल ३. आर्सेनलचा थिओ वॉलकॉट त्या दिवशी सेंटर-फॉरवर्ड होता, म्हणजे सगळ्यांत पुढे, मधे, आणि त्याने तीन गोल मारले. तिसरा तर अजून डोळ्यांपुढे आहे. बॉक्समध्ये पाय अडकून पडला, गुडघ्यांवरून उठला आणि कीपर अंगावर येतोय तोवर बॉल अलगद वरून टाकला. वॉलकॉटला कडेला, विंगवर खेळवायचं की मधे, यावरून माझं आणि दादाचं भांडण होतं. मी ओरडले, "दादा, संपला वाद!"

वाद संपला नाही. दादाने शांतपणे सांगितलं, की न्यूकॅसल तीनच दिवसांपूर्वी मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ४-३ हरून आले होते आणि आर्सेनलचा वेस्ट हॅमशी त्याच दिवशीचा सामना लंडनच्या ट्यूब रेल्वेच्या संपामुळे पुढे ढकलला गेला होता. एक टीम दमलेली, एक ताजी. एकोणसत्तराव्या मिनिटाला ३-३ झालं आणि नंतर न्यूकॅसलच्या पाठीमागे मैदानच्या मैदान मोकळं झालं. "अशा जागेत तो कुठूनही गोल मारेल. त्यावरून त्याची पोझिशन ठरत नाही."

तेव्हा मला ते पटलं नाही. आता बरंचसं पटतं, म्हणून हे लिहायला बसले. पण दादा म्हणतो त्या कारणासाठी पटत नाही.

माझी बाजू तेव्हा सोपी होती. थिएरी ऑन्री, आर्सेनलचा जुना स्ट्रायकर. तोही विंगवरच खेळायचा, युवेंटसमध्ये त्याला बाजूलाच ठेवलं होतं. १९९९ मध्ये आर्सेनलचा कोच वेंगर याने त्याला आणलं, मधे खेळवलं, पहिल्या आठ सामन्यांत त्याला गोल झाला नाही, तरीही मधेच ठेवलं. पुढे २२८ गोल. वॉलकॉटने २००८ मध्ये त्याचाच १४ नंबर घेतला. वेग तसाच, कोच तोच. वॉलकॉट स्वतःही मधे खेळायला मागत होता, त्या हिवाळ्यात त्याचं काँट्रॅक्टही अडून राहिलं होतं (जानेवारीत सही झाली). मला वाटायचं, आठ सामन्यांचा तो धीर याच्या वाट्याला का येऊ नये?

दादाची बाजू अशी, की तो विंगर आहे आणि विंगर म्हणूनही अर्धवटच आहे. फुलबॅकला (कडेच्या डिफेंडरला) समोर उभं करून चकवता येत नाही, क्रॉस पहिल्याच डिफेंडरला लागतो, बॉल पायात घेतल्यावर काय करायचं ते सुचत नाही. ही टीका मी वर्षानुवर्षं ऐकली आणि दर वेळी मला राग आला, कारण ज्या गोष्टी तो उत्तम करायचा त्या मोजायला कुणी तयारच नव्हतं.

मग कॉलेजच्या टीममध्ये मला उजव्या विंगवरून उचलून मधे टाकलं. दोन सामने. तोवर मला वाटायचं, की मधे म्हणजे गोल जवळ, बस. पण मधे उभं राहिलं की गोल पाठीमागे असतो. बॉल समोरून येतो, पाठीवर सेंटर-बॅकचा (मधल्या डिफेंडरचा) हात असतो, कमरेत कोपर, आणि बॉल पायाशी येण्याआधीच तिचा गुडघा आपल्या पोटरीला लागलेला असतो. मला पळायचं होतं आणि मी उभी होते. विंगवर असताना मी फुलबॅकला बघायचे, ती बॉलकडे बघायची. इथे सेंटर-बॅक बॉल आणि मी दोन्ही एका नजरेत बघत होती. माझ्याकडे लपवायला काही उरलंच नव्हतं.

त्यानंतर मी वॉलकॉटचे गोल पुन्हा बघायला घेतले. बॉल कुठे लागला ते सोडून दिलं. पास सुटायच्या दोन सेकंद आधी तो कुठे होता, तेवढंच बघितलं.

झाग्रेब, १० सप्टेंबर २००८. इंग्लंड ४, क्रोएशिया १. एकोणीस वर्षांचा मुलगा, इंग्लंडचा कोच कपेलो याने बेकहॅमला बाकावर ठेवून त्याला उजवीकडे उतरवलं आणि त्याने हॅट-ट्रिक केली. कुणाला दोनदा-तीनदा चकवणं नाही, नाचवणं नाही. बाहेरून आत तिरकी धाव, आणि उजव्या पायाने खालून फटका. उजव्या बाजूने येणाऱ्या उजव्या पायाच्या खेळाडूला दूरचा पोस्ट असा उघडा दिसतो. डच विंगर रॉबेन त्याच बाजूने यायचा, पण डावखुरा असल्यामुळे त्याला आधी बॉल घेऊन आत वळावं लागायचं. वॉलकॉट वळायचाच नाही. तो बॉल मिळण्याआधीच आत शिरलेला असायचा.

हाच माझा मुद्दा. आम्ही दोघं भांडत होतो ते त्याला बोर्डावर कुठे लिहायचं यावरून. प्रश्न हवा होता, की त्याची धाव कुठून सुरू व्हायला हवी. फुलबॅकच्या खांद्यामागून धाव निघाली, तर त्याला बॉल तरी बघावा लागतो नाहीतर माणूस तरी. त्या अर्ध्या सेकंदात वॉलकॉट गेलेला असतो. सेंटर-बॅकच्या समोरून धाव निघाली, तर ती सगळ्यांना दिसते आणि डिफेन्स चार पावलं मागे सरकून उभा राहतो. मागे जागाच नाही म्हटल्यावर त्या वेगाचं करायचं काय? आणि ऑन्रीचंही नीट बघा. तो नावाला स्ट्रायकर होता, पण निघायचा डाव्या टचलाइनकडून. मी इतकी वर्षं ज्याचं उदाहरण देत होते, तोच माझ्या विरुद्ध साक्ष देत होता.

शिवाय वॉलकॉटला पुढे कुणीतरी लागायचा. २०१२-१३ मध्ये वॉलकॉटने २१ गोल केले, टीममध्ये सगळ्यांत जास्त, आणि त्यातले बरेच सामने तो उजवीकडून खेळला. मधे स्ट्रायकर जिरू असला की दोन्ही सेंटर-बॅक त्याच्याशी झटापट करण्यात अडकलेले. पाठ त्याची, धाव याची.

मग सप्टेंबर २०१३ मध्ये आर्सेनलमध्ये पास देणारा ओझिल आला. बॉल कुठे नाही, कुठे असणार आहे ते बघणारा माणूस. मला वाटलं, आता. पण ४ जानेवारी २०१४ ला एफए कपमध्ये टॉटनहॅमविरुद्ध वॉलकॉटचा गुडघा गेला. स्ट्रेचरवरून नेताना तो टॉटनहॅमच्या प्रेक्षकांना बोटांनी २-० दाखवत होता. अजून कुणालाच माहीत नव्हतं, की लिगामेंट तुटलंय. त्यात वर्ल्ड कप गेला. २००६ ला सतराव्या वर्षी टीमबरोबर गेला होता, एक मिनिटही खेळला नाही. २०१० ला निवडलंच नाही. २०१४ ला ही जखम. ४७ सामने इंग्लंडसाठी, वर्ल्ड कपमध्ये शून्य मिनिटं. त्याला "वाया गेलेला" म्हणणाऱ्यांनी हे एकदा शेजारी मांडून बघावं.

बॉल पायात घेऊन त्याला जमत नव्हतं, हेही मी सरसकट मानत नाही. ॲनफिल्ड, एप्रिल २००८, चॅम्पियन्स लीग. बदली म्हणून आला, जवळजवळ स्वतःच्या बॉक्सपासून निघाला, लिव्हरपूलची अख्खी टीम मागे टाकत गेला आणि आर्सेनलच्याच ॲडेबायोरला बॉल आयता दिला, त्याने गोल केला. २-२. त्यानंतर लिव्हरपूलच्या जेरार्डची पेनल्टी आणि सामना ४-२ ने गेला, म्हणून ती धाव हरलेल्या सामन्याखाली गाडली गेली. मी मात्र ती आजही, वाईट दिवस असला की, काढून बघते.

दादाला मागच्या आठवड्यात हे सगळं सांगितलं. म्हटलं, तू बरोबर होतास, तो विंगरच, पण तुझी कारणं चुकीची होती. मला वाटलं तो खूश होईल. तो म्हणाला, "मग २०१५ ची फायनल?"

एफए कप फायनल, ॲस्टन व्हिला, ४-०. जिरू बाकावर आणि वॉलकॉट मधे. मोनरियालचा डावीकडून क्रॉस, सांचेझने डोक्याने परत आत दिला, आणि वॉलकॉटने डाव्या पायाने तिथल्या तिथे मारला. पहिला गोल. त्यात ना फुलबॅकचा खांदा, ना तिरकी धाव, ना दूरचा पोस्ट. बॉक्समध्ये जिथे असायला हवं तिथे तो होता. निखळ स्ट्रायकरचा गोल.

त्यावर माझ्याकडे उत्तर नाही आणि ते मी दादाला सांगितलं. आर्सेनलसाठी त्याचे १०८ गोल आहेत. हा एक माझ्याच जुन्या बाजूला लिहिला. उरलेले १०७ आम्ही आता क्रमाने बघतोय, पास सुटायच्या दोन सेकंद आधी थांबवून.