काटा पौंडात, काळजी किलोत

परदेशात आल्यावर पहिल्या एक-दोन वर्षांत वजन वाढणं ही काही नवलाची गोष्ट नाही. दारातून गाडीत, गाडीतून खुर्चीत, आणि हिवाळ्यात चार वाजताच अंधार. खरा घोळ होतो तो तपासणीच्या वेळी. इथला डॉक्टर तक्ता बघतो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, तो आकडा) २४.५ दिसतो आणि म्हणतो, ‘नॉर्मल.’ कारण त्याच्या तक्त्यात सीमा २५ ची आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ मध्येच सुचवलं होतं की आशियाई लोकांच्या बाबतीत २३ पासून सावध व्हावं आणि २७.५ नंतर धोका जास्त धरावा. तेवढ्याच बीएमआयला आपल्याकडे चरबी जास्त असते, स्नायू कमी असतात आणि ती चरबी पोटात साठते. म्हणून ‘नॉर्मल’ ऐकून निर्धास्त होण्याआधी टेप काढून कमरेचा घेर मोजावा.

टेप बेंबीवर किंवा पँटच्या पट्ट्यावर लावायची नाही. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचं वरचं टोक यांच्या बरोबर मधे लावायची, श्वास नेहमीसारखा सोडून. पोट आत ओढलं तर फसवणूक आपलीच. पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि बायकांसाठी ८० ही दक्षिण आशियाई लोकांची मर्यादा.

एककांचाही गोंधळ असतो. बऱ्याच देशांत साखर मिलिमोलमध्ये येते. तिला १८ ने गुणलं की आपला ओळखीचा मिलिग्रॅममधला आकडा मिळतो. उपाशीपोटी ७ म्हणजे १२६. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारी तपासणी) ४८ लिहिलेलं दिसलं तर घाबरून जाऊ नका, ते ६.५ टक्के आहे. दुर्लक्ष मात्र करू नका, मधुमेहाची सीमा तीच. ब्रिटनमध्ये कुणी वजन ‘स्टोन’मध्ये सांगितलं तर एक स्टोन म्हणजे ६.३५ किलो. ऑस्ट्रेलियात पाकिटावर किलोज्यूल असतात, त्यांना ४.२ ने भागलं की कॅलरी मिळतात.

आता बदल कुठल्या क्रमाने होतात ते. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरतात आणि माणूस हरखून जातो, पण त्यातलं बरंचसं पाणी असतं. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेल्या साखरेबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. साठा संपला की तेही जातं. खरी चरबी आठवड्याला अर्धा किलो गेली तरी पुष्कळ.

आरशात काही दिसण्याआधी रक्तात फरक पडतो. ८० किलोच्या माणसाचे चार किलो, म्हणजे ५ टक्के गेले की रक्तदाब, साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) खाली यायला लागतात. यकृतातली चरबी लवकर हटते. अमेरिकेत २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांना ७ टक्के वजन घटवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्यासारखा व्यायाम करायचा, एवढंच उद्दिष्ट दिलं होतं. त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं.

इथेच एक धोका आहे आणि तो फारसा कुणी सांगत नाही. वजन उतरतं, गोळ्या मात्र जुन्याच मात्रेत चालू राहतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते: हात थरथरतात, घाम फुटतो, डोळ्यांसमोर धूसर होतं. रक्तदाबाच्या गोळीवर असलेल्याला पलंगावरून उठताना भोवळ येते. परदेशात डॉक्टरची वेळ मिळायला आठवडे लागतात, म्हणून खाणं कमी करण्याआधीच अपॉइंटमेंट घेऊन औषधं कधी, किती कमी करायची ते विचारून ठेवावं. आपल्या मनाने गोळी बंद करणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

गुडघ्यांचं गणित फार बोलकं आहे. गुडघ्याच्या संधिवातावरच्या एका अभ्यासात दिसलं की एक किलो उतरला की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. घोरणंही कमी होतं, आणि त्याची दखल आधी शेजारी झोपणारा घेतो. झोपेत श्वासासाठी मशिन लावणाऱ्यांनी बरंच वजन उतरल्यावर मशिनचा दाब पुन्हा तपासून घ्यावा.

घाई केली की शरीर वसूल करतं. भराभर उतरवल्यावर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात. तोवर कारण विसरलेलं असतं आणि दोष इथल्या पाण्याला दिला जातो. पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. नुसतं उपाशी राहिलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात. त्यासाठी दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं (मूत्रपिंडाचा त्रास असल्यास डॉक्टरला विचारून) आणि आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम. स्नायू टिकलेत का ते घरीच बघता येतं. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घडी करा आणि ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहून पुन्हा बसता येतं ते मोजा. वजन उतरताना हा आकडा खाली येता कामा नये. येत असेल तर चुकतंय.

मन सगळ्यात मागून येतं. कमरेचा घेर दहा सेंटिमीटरने घटलेला असतो, तरी दुकानात हात जुन्याच मापाकडे जातो. दोन खुर्च्यांमधून जाताना माणूस सवयीने अंग चोरतो. त्यात व्हिडिओ कॉलवर घरच्यांना दिसतो तो फक्त चेहरा, आणि गाल आत गेलेले त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत. ‘किती वाळलास रे, बरं नाहीये का?’ वाद घालण्यापेक्षा रिपोर्टचा फोटो पाठवावा, निदान वडीलधारे गप्प बसतात. सैल पडलेली कातडी, पूर्वीपेक्षा जास्त वाजणारी थंडी, लाकडी बाकावर टोचणारी हाडं, हेही सोबत येतंच. अंगठीकडे लक्ष ठेवा. थंडीत बोटं आणखी आक्रसतात आणि हातमोजा काढताना ती कधी निसटली ते कळत नाही.

उतरलेलं टिकवणं हे उतरवण्यापेक्षा अवघड, आणि त्यात इच्छाशक्तीचा दोष कमी असतो. शरीर हलकं झालं की त्याची रोजची गरज घटते, भूक मात्र वाढते. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही चालू आहे, किमान १३.६ किलो उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेले लोक तिच्यात आहेत. त्यांतले बहुतेक दिवसाला सरासरी तासभर हालचाल करतात आणि आठवड्यातून एकदा तरी काट्यावर उभे राहतात. फक्त लांबच्या विमानप्रवासाहून परतल्या दिवशी वजन करू नका, पायांना सूज आणि अंगात पाणी असतं. चार-पाच दिवस जाऊ द्या. मग सकाळी, पोट साफ झाल्यावर, काही खाण्याआधी, नेहमीच्याच काट्यावर.