म्हादईच्या मुखाशी: म्हामाई कामतांच्या दारात

बेळगावच्या माणसाला गोव्याचा रस्ता सांगावा लागत नाही. दोन दिवसांची सुट्टी मिळाली की जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी ही गावे आपोआप तोंडात येतात आणि संध्याकाळी गाडी कुठल्यातरी किनाऱ्यावर उभी असते. या ऑक्टोबरात मात्र मी शहापूरच्या मामांना घेऊन निघालो, ते पणजीतील म्हामाई कामत या व्यापारी घराण्याचे जुने घर बाहेरून का होईना पाहण्यासाठी. मामांनी चाळीस वर्षे कापडाचे दुकान चालवले आहे. व्यापाऱ्याचे घर पाहायचे आहे एवढे कानावर पडताच ते पिशवी घेऊन दारात उभे राहिले.

कणकुंबीला माउलीचे दर्शन घेतले. मलप्रभा इथे उगम पावते आणि कृष्णेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे जाते. तर याच खानापूर तालुक्यात देगावच्या रानात जन्मलेली म्हादई पश्चिमेला उतरते आणि खाली गोव्यात मांडवी होते. म्हादईच्या पाण्यावरून सध्या चाललेल्या भांडणात मला शिरायचे नाही. ज्या नदीच्या मुखाशी शिडांची जहाजे नांगर टाकीत, ती नदी आपल्या तालुक्यातून निघते, एवढेच मामांना दाखवायचे होते. घाटमाथ्यावरचा तांदूळ लमाण्यांच्या बैलतांड्यांवरून खाली उतरत असे आणि परतीच्या गोण्यांत गोव्याचे मीठ वर येत असे. समुद्राचा व्यापार आपल्या पेठांपर्यंत पोचत होता तो असा.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या म्हणजे आदिलशहाच्या वाड्याच्या शेजारी आबे फारियाचा पुतळा आहे आणि त्याच्या जवळच म्हामाई कामतांचे घर. १७५९ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय जुने गोवे सोडून या वाड्यात राहायला आले, हे ध्यानात घेतले तर या घराची जागा किती मोक्याची होती ते कळते. एका बाजूला सत्ता, समोर नदी आणि नदीत जहाजे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या पूर्वार्धात या घराण्याचा कारभार भरात होता. घर खासगी असल्यामुळे आम्ही रस्त्यावरूनच पाहिले. मामा बराच वेळ खिडक्यांकडे पाहत राहिले.

या घराण्याविषयी इतके कळते, कारण त्यांनी कागद टाकले नाहीत. पत्रे, हुंड्या, हिशेब यांचा तो प्रचंड साठा आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे आणि त्या केंद्राचे पहिले संचालक तेओतोनियो डिसोझा यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. पोर्तुगीज, फ्रेंच, इंग्रजी, गुजराती, कोकणी आणि मोडीतले मराठी, इतक्या भाषा एका पेढीच्या दप्तरात नांदतात. आपल्या सीमाभागात दुकानाच्या पाटीवर भाषा कोणती, यावरून जन्म गेले. या मंडळींना ज्या भाषेत पैसा येईल ती भाषा आपली होती, असे मला गमतीने वाटून गेले.

जहाजवाल्याचे वर्ष वाऱ्याने आखलेले असे. जूनमध्ये मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूचा बांध साचून नदीचे दार बंद होई आणि मोठ्या गलबतांना मुरगाव गाठावे लागे. समुद्र खऱ्या अर्थाने उघडे तो नारळी पौर्णिमेनंतर. मोझांबिककडे जाणारे जहाज ईशान्येचा वारा धरून थंडीत निघे आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर पावसाळा सरता सरता परते. चीनच्या किनाऱ्यावरील मकावचे उलटे होते: एप्रिल-मेच्या सुमारास प्रस्थान आणि ईशान्येचा वारा लागल्यावर हिवाळ्यात परतीचा प्रवास. म्हणजे एका खेपेत घातलेला पैसा नऊ-दहा महिने डोळ्यांसमोर दिसायचाच नाही. त्यासाठी जोखमीचे कर्ज काढीत. जहाज सुखरूप आले तर मुद्दल भारी व्याजासह फेडायचे. बुडाले तर धनकोचे पैसे जहाजासोबत बुडाले. हे ऐकताच मामा थबकले. ‘‘बुडालं तर बुडालं म्हणून कोण पैसे देतंय काय? आमच्या पेठेत असला एक माणूस दाखव की!’’ मी म्हणालो, ‘‘मामा, व्याज किती असेल ते मनात धरा.’’ त्यांनी धरले असावे, कारण पुढचा चहा होईपर्यंत ते गप्प होते.

म्हामाई कामत फ्रेंचांचे गोव्यातील दलाल होते. हिंदी महासागरातील फ्रेंचांचे मुख्य ठाणे म्हणजे मॉरिशस, त्या वेळचे इल द फ्रान्स; तिकडच्या जहाजांना माल मिळवून देणे, पैसा उभा करणे, बातम्या पुरवणे, यांत कमाई होती. इंग्रज-फ्रेंच युद्ध पेटल्यावर हाच धंदा जोखमीचा झाला. १७९९ मध्ये इंग्रजी फौज गोव्यात येऊन बसली आणि १८१० मध्ये मॉरिशसही इंग्रजांनी घेतले.

या दप्तराची दुसरी बाजू मामांना सांगताना माझी जीभ जड झाली. १७७३ ते १७९१ या वर्षांत फ्रेंच व्यापारी गोव्यातून गुलामांचा व्यवहार करीत होते, याचे पुरावे याच कागदांतून पुढे आले. माळव्याची अफू पुढे सिंधमार्गे दमणला आणि तिथून मकावला जाऊ लागली, त्या व्यापारातही गोव्याच्या पेढ्या होत्या आणि म्हामाई त्यांत होते. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध घेतल्यावर दमणचा तो मार्ग आटला. सुबक अक्षरात लिहिलेल्या हिशेबात माणूस आणि गाठोडे एकाच पानावर येतात, हे मला पचवता येत नाही. त्या घराच्या दिमाखाचे कौतुक करताना ही पाने मिटून ठेवणे मात्र अप्रामाणिकपणाचे होईल.

संध्याकाळी मांडवीच्या धक्क्यावर कॅसिनोच्या बोटींचे दिवे लागले. मामांचा प्रश्न व्यापाऱ्याचाच होता: समुद्र बंद असताना हे लोक चार महिने काय करीत? पत्रे लिहीत, असे मी सांगितले. जलमार्ग मिटला की पट्टामार म्हणजे पायी धावणारे जासूद घाट चढून बातमी नेत, कारण भाव आणि लढाई यांची खबर थांबलेली परवडत नसे.

परतताना चोर्ल्यात धुके उतरले होते आणि पुढचे वळण दिसेना, तेव्हा मी गाडी कडेला घेतली. मामांनी काच खाली केली. ‘‘या घाटातनं, भर पावसात, पायी?’’ एवढेच त्यांनी विचारले, आणि कणकुंबीचे दिवे दिसेपर्यंत आम्ही दोघेही काही बोललो नाही.