तुम्ही विचारलंत म्हणून: पदक मिळालं, तरी यादीवरून भांडण का?

"लागोपाठ दोन ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळालं, अजून तुला काय पाहिजे? आणि संघात गोव्याचा कुणी नाही, मग तुझा जीव कशाला एवढा जळतो?" भारतीय हॉकी संघाची यादी कारणं न सांगता जाहीर होते, अशी कुरकुर मी केली की हे मला शाळेतल्या सहकाऱ्यांनी विचारलंय, चवथीला घरी जमलेल्या भावंडांनी विचारलंय. परवा एका माजी विद्यार्थ्याने विचारलं, आणि तो तर स्वतः हॉकी खेळलेला. दर वेळी मी घाईघाईने दोन वाक्यांत उत्तर देते आणि ते कुणालाच पटत नाही. म्हणून आता नीट लिहिते.

गोव्याचं आधी, कारण त्यात फारसं काही नाही. टोकियोच्या किंवा पॅरिसच्या पुरुष संघात गोव्यातला एकही नव्हता, खरं आहे. २०२४च्या डिसेंबरात हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा पुरुषांच्या आठ संघांत गोवा नव्हता, आणि मुंबईही नव्हती. १९४८च्या सुवर्णविजेत्या संघातला गोलरक्षक लिओ पिंटो मूळचा गोंयकार, हे अभिमानाने सांगता येतं, पण त्या अभिमानावर मी हॉकी बघत नाही. मी कॉलेजात हाफ म्हणून, म्हणजे मधल्या फळीत, खेळले आणि अजून म्हापशातल्या पेडेंच्या मैदानावर सराव चालू असला की कुंपणाशी उभी राहते. आपला गाववाला नसला तरी समोरचा खेळ आपला असतो. फुटबॉलवाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, ते ब्राझीलसाठी रात्रभर जागतात.

आता खरा प्रश्न, यादीचा.

पॅरिसची उपान्त्यपूर्व लढत सगळ्यांना आठवते. ब्रिटनविरुद्ध १७व्या मिनिटाला अमित रोहिदासला लाल कार्ड, उरलेला सगळा सामना दहा जणांनी खेळून १-१ आणि शूटआउटमध्ये ४-२. त्या दिवशी मीही रडले. पण मला जास्त आठवतो तो त्यानंतरचा जर्मनीविरुद्धचा सामना. रोहिदास निलंबित, त्याच्या जागी दुसरा घेता येत नाही, म्हणजे सोळाचा संघ पंधरावर आला. बचावाचे म्हणून पाच निवडले होते, त्यातले चार उरले. आणि रोहिदास हा नुसता बचावपटू नाही. समोरच्यांना पेनल्टी कॉर्नर, म्हणजे गोलजवळच्या आपल्या चुकीसाठी मारायची संधी, मिळाला की गोलरेषेवरून सर्वांत आधी सुटतो तो, थेट ड्रॅगफ्लिकच्या, म्हणजे स्टिकने ओढून जोरात भिरकावलेल्या चेंडूच्या, तोंडावर. ज्या चेंडूपासून बाकीचे अंग वाचवतात तो अंगावर घ्यायला धावत जाणं हे त्याचं काम. १८व्या मिनिटाला जर्मनीच्या गोन्झालो पेलाटने पेनल्टी कॉर्नरवर गोल केला. शेवटी आपण २-३ने हरलो.

माझा भाऊ म्हणतो, लाल कार्ड पंचांनी दिलं, त्यात निवड समितीचा काय दोष? दोष आहे असं मी म्हटलेलंच नाही. मी एवढंच विचारते, पाचच बचावपटू नेताना "रोहिदास नसला तर पहिला धावणारा कोण" हा विचार झाला होता का? झालाही असेल, आणि विचारपूर्वकच मधल्या फळीत जास्त माणसं घेतली असतील. ते पटण्यासारखंही आहे. पण ते मला सामन्याआधी कळायला हवं होतं. यादीबरोबर आपल्याला मिळतं काय, तर अनुभवी आणि तरुण खेळाडूंचा समतोल साधलाय, असं एखादं वाक्य. तेच वाक्य पुढच्या यादीखालीही चालतं.

कांस्य मिळालं म्हणजे निवड बरोबर होती, हे मला मान्य नाही. आणि कांस्य हुकलं असतं तर निवड चुकली असती, हेही मान्य नाही. इथे माझं माझ्याशीच भांडण आहे. पूर्वीची मी निकालावरून बोलणारी होते. २०१५च्या जुलैत पुरुष संघाचे प्रशिक्षक पॉल व्हॅन अस यांचं पद गेलं, २०१७च्या सप्टेंबरात त्यांच्यानंतरच्या ओल्टमन्सना काढलं, त्यांच्या जागी महिला संघाचे प्रशिक्षक शोर्ड मरिन यांना उचलून पुरुष संघावर बसवलं, आणि २०१८च्या मे महिन्यात, राष्ट्रकुलमध्ये चौथे आलो म्हणून, परत महिला संघाकडे पाठवलं. त्यांच्या जागी आलेल्या हरेंद्र सिंग यांना विश्वचषकाच्या उपान्त्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून १-२ने हरल्यावर २०१९च्या जानेवारीत निरोप दिला. मुलींच्या संघाचा माणूस असा ने-आण करायचा, याचा मला फार राग आला होता, आणि तो राग अजून आहे. पण तेच मरिन परत आले आणि त्याच मुलींना घेऊन टोकियोत चौथे आले, ऑस्ट्रेलियाला १-०ने हरवून. मग पूर्वीची मी विचारते, आता बोल, निर्णय वाईट होता की चांगला? माझं उत्तर, वाईटच होता, आणि निकाल चांगला लागला. ती म्हणते, ही पळवाट झाली. असेल. पण ग्रॅहम रीड यांनी टोकियोत पुरुष संघाला ४१ वर्षांनी पदक मिळवून दिलं आणि २०२३च्या विश्वचषकात न्यूझीलंडविरुद्ध ३-१ची आघाडी जाऊन शूटआउटमध्ये हरल्यावर राजीनामा दिला. त्या सामन्याला हार्दिक सिंग दुखापतीमुळे नव्हता. प्रशिक्षक तोच, त्याची समज तीच. नुसत्या निकालावरून मोजायचं तर माणूस दीड वर्षात शहाण्याचा मूर्ख होतो.

हे मी कुठे शिकले ते सांगते. हे मी सहसा सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी मला मुलींच्या एका शालेय संघाच्या निवडीला बोलावलं होतं. कुठला संघ, कोणी बोलावलं, ते राहू दे. आम्ही तिघं होतो. ट्रायल सकाळी, टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, पाणी मारलेलं. आमच्या बहुतेक मुली शाळेच्या तांबड्या मातीवर खेळलेल्या. मातीत चेंडू उसळतो, म्हणून स्टिक जराशी वर धरायची सवय लागते. टर्फवर चेंडू घसरत येतो आणि त्याच स्टिकखालून निघून जातो. पहिला अर्धा तास आम्ही हेच बघत होतो, एकामागून एक मुलगी आणि मागे निसटलेला चेंडू.

त्यात एक लेफ्ट हाफ होती. तिच्या स्टिकखालून चेंडू दोनदा गेला, तिसऱ्यांदा नाही. कुणी न सांगता तिने डावा हात खाली घेतला, गुडघे वाकवले आणि स्टिक जमिनीला टेकवली. खेळ तर तिला असा दिसायचा, की पास सुटायच्या आत ती तिथे जाऊन उभी. पण रिव्हर्स, म्हणजे स्टिक उलटी फिरवून चेंडू अडवणं, कच्चा होता. समोरची राइट विंगर रेषेलगत बाहेरून निघाली की ही चेंडू उलट्या बाजूने अडवायच्याऐवजी सगळं अंग वळवून सरळ बाजूला घ्यायला बघायची, तेवढ्यात ती पुढे निघून गेलेली असायची. लेफ्ट हाफला हे दर सामन्यात दहादा सोसावं लागतं.

शेवटची एक जागा उरली. ही, किंवा दुसरी गोलकीपर. पहिल्या गोलकीपरचा अंगठा पट्टीत होता. तिला काही झालं असतं तर गोलमध्ये कुणीतरी फॉरवर्ड पॅड बांधून उभी करावी लागली असती. आम्ही बराच वेळ बोललो. माझं मत गोलकीपरच्या बाजूने पडलं, आणि आज पुन्हा तीच सकाळ आली तरी तिकडेच पडेल.

यादी वाचून दाखवली. नावं, टाळ्या, संपलं. ही मुलगी बाकावर बसली आणि स्टिकच्या मुठीवरची टेप सोडवायला लागली. टेप पूर्ण सुटली, मग तिने ती पुन्हा गुंडाळायला घेतली, तीच, चिकटपणा गेलेली. तिचे वडील फाटकाशी स्कूटर घेऊन उभे होते. ते आत आले आणि मला म्हणाले, "टीचर, तिका कित्याक घेवंक ना?" तिला का नाही घेतलं, एवढंच. आवाज चढलेला नव्हता. निवडीला माझ्याबरोबर असलेले गृहस्थ मला हळूच म्हणाले, "चला, काही सांगू नका. सांगायची पद्धत नाही."

मी सांगितलं. मुलीशेजारी बसले आणि दोन्ही गोष्टी सांगितल्या. एक जागा होती, ती दुसऱ्या गोलकीपरला दिली, का दिली तेही. आणि तुझा रिव्हर्स अजून झालेला नाही, तो झाला असता तर मी तुझ्यासाठी जास्त भांडले असते. तिने मान हलवली. वडील म्हणाले, "बरं टीचर." दोघं गेली.

पावसाळ्यानंतर सराव सुरू झाला तेव्हा ती आली नाही. पुढेही आली नाही. दुसरी गोलकीपर त्या स्पर्धेत एक मिनिटही खेळली नाही, पहिलीचा अंगठा शेवटपर्यंत टिकला. त्या गृहस्थांनी मला नंतर ऐकवलं, "बघितलंत? म्हणून सांगायचं नसतं. न सांगता वगळली असती तर पुढच्या वर्षी आली असती." मला पुन्हा निवडीला बोलावलं नाही.

वर्षांनी ती म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटली. आपणहून ओळख दिली, नोकरीचं सांगितलं, आणि मग एकदम विचारलं, "टीचर, ती दुसरी गोलकीपर खेळली होती काय?" मी म्हटलं, नाही. "हां," म्हणाली. तिने मला दोष दिला नाही, आभारही मानले नाहीत.

हा प्रसंग ऐकला की लोक म्हणतात, तुमचाच मुद्दा तुम्हीच खोडलात. कारण सांगितलं आणि पोरगी खेळातून गेली. मला तसं वाटत नाही. ती वगळल्यामुळे गेली की सांगितल्यामुळे, हे त्या गृहस्थांना कळलेलं नाही आणि मलाही नाही. पण इतक्या वर्षांनी तिने जो प्रश्न विचारला, तो तिला विचारता आला, कारण कशाच्या बदल्यात आपण बाहेर राहिलो हे तिला माहीत होतं. ते माहीत नसतं तर तिने काय विचारलं असतं? आपल्यात काय कमी होतं, एवढंच, आणि तेही स्वतःलाच.

राणी रामपालचं नाव निघालं की माझा आवाज चढतो, तो ह्यामुळे. २०१९च्या नोव्हेंबरात भुवनेश्वरला महिला संघाच्या ऑलिम्पिक पात्रतेच्या दोन सामन्यांत अमेरिकेविरुद्ध पहिल्या सामन्यातली आघाडी दुसऱ्या दिवशी पार धुऊन निघाली होती. राणीने गोल केला आणि एकूण ६-५ने आपण टोकियोला गेलो. टोकियोत ती कप्तान. २०२२च्या विश्वचषकाच्या संघात ती नव्हती, तिथे दुखापत आणि तंदुरुस्तीचा विषय होता, ते मी समजू शकते. २०२३च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर ती परतली, गोलही केले. त्यानंतर आशियाई खेळांच्या संघात पुन्हा नाही. तिचा वेग कमी झाला होता का? प्रशिक्षक जानेके शॉपमन यांना पुढून जास्त दाब टाकणारी फॉरवर्ड हवी होती का? दोन्ही शक्य आहे, आणि दोन्हीपैकी काहीही असलं तर मी कदाचित शॉपमन यांच्याच बाजूने उभी राहिले असते. पण आम्हा बघणाऱ्यांपर्यंत धड काहीच आलं नाही. २०२४च्या ऑक्टोबरात ती निवृत्त झाली आणि तिचा २८ नंबर सन्मानाने बंद करण्यात आला. सन्मान योग्यच. पण २०२३च्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हे.

हॉकी इंडिया लीगच्या लिलावाला नाकं मुरडणारे मला भेटतात, खेळाडूंचा बाजार मांडला म्हणतात. मला तो लिलाव आवडला. हरमनप्रीतला ७८ लाख, मुलींमध्ये उदिता दुहानला ३२ लाख, कुणी किती बोली लावली आणि कुठे थांबलं, सगळं उघड. एखाद्यावर बोलीच लागली नाही तर तेही उघड, आणि ते क्रूर आहे हे मी नाकारत नाही. पण तिथे निदान निर्णय घेणारा हात दिसतो.

भाऊ मला पकडतो ते एका जागी. म्हणतो, शाळेच्या संघात तू दोन गोलकीपर घेतल्यास, मग पॅरिसला सोळात एकटा श्रीजेश नेला ते तुला कसं चाललं? चाललं, कारण सोळात दुसरा गोलकीपर म्हणजे धावणारा एक माणूस कमी, आणि कृष्ण बहादूर पाठक राखीव यादीत होता. आमच्याकडे राखीव कुणी नव्हतं. दोन वेगळ्या याद्यांना दोन वेगळी कारणं. मला हवं आहे ते एवढंच, यादीखाली चार ओळी: एकच गोलकीपर का, बचावपटू पाचच का, अमक्याला का वगळलं आणि त्याला ते आधी सांगितलं का.

भावाला हेही पटलेलं नाही. तो म्हणतो, कारणं छापायला लावलीस तर तीसुद्धा गुळगुळीतच छापतील. त्याचं हे म्हणणं मला अजून खोडता आलेलं नाही. पण गुळगुळीत का होईना, छापलेलं कारण पुढच्या स्पर्धेत समोर ठेवून विचारता येतं, तेव्हा असं म्हणालात, आता काय म्हणता? आज तेवढंही हातात नाही.