बंदी लागली, पण दुसऱ्याच दाराला

सोलापूर, रात्रीचे साडेअकरा. घरच्या सर्व्हरवरचं फेल-टू-बॅन (पुन्हा पुन्हा चुकीचा पासवर्ड देणाऱ्या आयपीला बंदी घालणारा प्रोग्राम) तीन रात्रींनी मार्गी लागलं, म्हणून लगेच लिहून ठेवतोय.

सर्व्हर म्हणजे जुना मिनी पीसी, त्यावर डेबियन १२ ही लिनक्स. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मामांचा चादरींचा कारखाना आहे. तिथल्या जेकार्ड डिझाइनच्या फाइली रोज रात्री याच्यावर येतात, त्यामुळे एसएसएच (दुसऱ्या मशीनवरून सुरक्षित लॉगिन करायची सोय) बाहेरून उघडं ठेवावंच लागतं.

पहिली रात्र सर्व्हिस सुरू करण्यातच गेली. डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग हा नोंदी फाइलीत लिहिणारा प्रोग्राम आपोआप येत नाही, त्यामुळे लॉगिनच्या नोंदींची ऑथ डॉट लॉग ही फाइलच नसते, सगळ्या नोंदी सिस्टमडीच्या जर्नलमध्ये जातात. जेल डॉट लोकल या फेल-टू-बॅनच्या सेटिंगच्या फाइलीत बॅकएंड (नोंदी कुठून वाचायच्या ते) 'सिस्टमडी' केलं, पायथनचं सिस्टमडी पॅकेज टाकलं आणि सर्व्हिस उठली. मूळ जेल डॉट कॉन्फला मात्र हात लावू नका.

खरं डोकं खाल्लं ते पुढच्या भानगडीने. स्टेटसमध्ये बंदी घातलेले आयपी दिसत होते आणि तेच आयपी जर्नलमध्ये पासवर्ड चुकवतच होते. फेल-टू-बॅनच्या लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: 'ऑलरेडी बॅन्ड'. मी दोन रात्री फिल्टरचे रेजेक्स (नोंदींतून चुकलेले लॉगिन ओळखणारे नमुने) तपासत बसलो. पण ही ओळ दिसतेय म्हणजे फिल्टर आपलं काम चोख करतोय, अडवणारा नियमच कुठेतरी चुकतोय, हे आधीच लक्षात यायला हवं होतं.

मग एनएफटीची, म्हणजे फायरवॉलच्या नियमांची यादी काढली. नियमात स्पष्ट लिहिलेलं: टीसीपी डीपोर्ट २२, म्हणजे बंदी फक्त पोर्ट २२ या दाराला. माझं एसएसएच चालतं २२२२ वर! जेलमध्ये (फेल-टू-बॅनच्या एसएसएचसाठीच्या सेटिंगमध्ये) पोर्ट 'एसएसएच' असं लिहिलं की ते २२ च धरतं. तुम्ही एसएसएचडीच्या (एसएसएच सर्व्हरच्या) कॉन्फिगमध्ये काय बदललंय हे ते बघत नाही. पोर्ट = २२२२ केलं, सर्व्हिस रीस्टार्ट केली, यादीतही २२२२ आलं.

तपासणी मोबाइल डेटावरून केली, कारण घरचं नेटवर्क इग्नोर-आयपीत, म्हणजे बंदी न घालायच्या यादीत आहे. मुळातली सेटिंग तशीच आहे: दहा मिनिटांत पाच चुका, दहा मिनिटं बंदी. पाच वेळा मुद्दाम चुकीचा पासवर्ड दिला, सहाव्यांदा थेट 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

आता कारखान्याला सुट्टी असेल तेव्हा तिथल्या पीसीवर पासवर्डऐवजी चालणारी एसएसएच-की बसवायची आणि पासवर्डने लॉगिन कायमचं बंद करायचं.